चंपतच्या पुढ्यातलं लुगडं

चंपत स्टेजवर बाईचं काम करायचा. ते काम त्याच्या हातून कसं सुटलं, त्याची ही हकिकत.

आम्ही तेव्हा भिलाईला सेक्टर दहामध्ये राहत होतो. कारखान्याची पहिली भट्टी पेटून दोन-तीन वर्षं झाली होती आणि बाकीचं बांधकाम अजून चाललंच होतं. चंपतची आई रुक्माबाई माझ्याकडे धुण्याभांड्याला येई. नवरा गेल्यावर ती वडशाकडच्या एका खेड्यातून मुलाला घेऊन आली आणि मजुरांच्या कॅम्पमध्ये पत्र्याच्या झोपडीत राहू लागली. माझ्या यजमानांच्या विभागात जो ठेकेदार होता, त्याच्याकडे चंपत हेल्पर होता. पाइप खांद्यावर वाहायचे, लोखंड उचलायचं, असं काम. अंगानं काटक, रंगानं सावळा, केस मात्र कमरेपर्यंत. ते तो गुंडाळून गमछ्याखाली दडवी, वर हेल्मेट घाली. "वहिनी, आज वेणी कोनं घालून देल्ली?" असं रोज कोणी ना कोणी विचारी. तो ऐकून घेई.

त्याचं काम मी गणपतीत पाहिलं. कॅम्पमधल्या मराठी लोकांनीच बसवलेलं नाटक होतं. एका गरीब घरात भर दुपारी पाहुणा येतो आणि घरात पीठ नसतं. सून आत जाते, रिकाम्या डब्यात हात फिरवते, बोटांना लागलेलं पीठ परातीच्या कडेवर पुसते, आणि बाहेर येऊन हसत सांगते की माझं जेवण मघाशीच झालं. वाक्य अगदी साधं होतं. पण डब्यात फिरणारा तो हात पाहून माझ्या आजूबाजूच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. ही कुठली बाई आणली, असं मी यजमानांना विचारलं. ते म्हणाले, अगं, हा आपला चंपत.

दरवर्षी दिवाळी झाली की तो गावाकडे जाई. त्या भागात धान कापून झालं की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईत नाटक झाल्याशिवाय लोक घरी जात नाहीत. होळीपर्यंत नाटकमंडळ्या फिरत राहत. होळीनंतर चंपत परत येई आणि ठेकेदार त्याला पुन्हा कामावर घेई. वर्षातले आठ महिने तो लोखंड उचलायचा ते उरलेल्या चारांसाठी, असं रुक्माबाई सांगायची. सांगताना तिला त्यात काही चुकीचं वाटत नसे.

त्या वर्षी होळीला मात्र त्याच्या मंडळीच्या म्यानेजरनं त्याला सांगून टाकलं की पुढल्या हंगामात नागपूरहून खरी बाई येणार आहे. लोकांना आता खऱ्या बाया पाहायच्या आहेत. तुला पहारेकऱ्याचं काम देतो. चंपत भिलाईला परतला. इतर मंडळ्यांकडे निरोप धाडले, त्यांचंही उत्तर तेच आलं. त्यात कारखान्याच्या धुळीनं त्याचा आवाज जाड होऊ लागला होता. तो पहाटे नळावर उभा राहून हळू आवाजात बायकी बोलणं घोटायचा आणि मधेच खोकायचा. रुक्माबाई मला म्हणाली, "बाई, थो जेवत नाई. ताटावर बसते आन् उठते. यंदा स्टेजवर नाई चढलो तं मी संपलो म्हणते."

त्याच सुमारास ठेकेदाराच्या काही माणसांना कायम करून घ्यायचं ठरलं. माझ्या यजमानांनी त्याचं नाव सुचवलं. डॉक्टरी तपासणी होणार होती आणि फोरमननं बजावलं होतं की केस कापून ये, यंत्रात अडकले तर जबाबदार कोण. चंपतनं मान हलवली, केस कापले नाहीत.

एजंट भेटला तो असा. सेक्टर सहाच्या बाजारात चहाच्या टपरीवर एक माणूस येऊन बसू लागला. पांढरे बूट, गळ्यात कॅमेरा, बोलणं हिंदी. मुंबईच्या आणि नागपूरच्या कंपन्यांना आपण कलाकार पुरवतो, असं तो सांगे. चंपतला त्यानं आपादमस्तक न्याहाळलं, एक फोटो काढला आणि म्हणाला, तुझ्यासारखाच हवा होता. एखादं वाक्य म्हणून दाखव, असं काही त्यानं चंपतला सांगितलं नाही. त्याचं नावही कोणी विचारलं नाही. सगळे त्याला एजंटसाहेबच म्हणत.

आणि त्यानं आईच्या हातातले चांदीचे गोट मागितले. कंपनीत नाव चढवायचं तर वजन टाकावं लागतं, असं म्हणाला.

बाहेरच्या माणसाला इथेच शंका आली असती. कॅम्पमध्ये उलट झालं. भिलाईत जो तो कुठल्यातरी मुकादमाच्या हातून कामाला लागला होता, आणि मुकादमाला आधी काहीतरी द्यावं लागे. कोणी बकरा दिला होता, कोणी बायकोच्या पायातले तोडे. मुकादमानं घेतलं म्हणजे त्याच्या हातात जागा आहे, असं समजायचं. घेतलं नाही तर समजायचं की हा रिकामा आहे. कॅम्पमध्ये हे सगळ्यांना माहीत होतं आणि ते बहुतेक वेळा खरंही ठरलं होतं. मी रुक्माबाईला विचारलं, या माणसानं आजवर कोणाला कुठल्या नाटकात लावून दिलं, त्याचं एक तरी नाव सांग. तिचे हात राखेनं भरलेले होते. ती म्हणाली, "बाई, त्यानं घेतलं म्हंजे देईनच ना. मुकादमानं बकरा घेतला तवाच तं आमाले काम भेटलं." मी पुन्हा सांगून पाहिलं. तिनं मान डोलवली आणि दुसऱ्या दिवशी आली ती मोकळ्या मनगटांनी.

एजंटनं निघायचा दिवस ठरवून दिला. दुर्ग स्टेशनवर सकाळी भेटायचं. कारखान्याच्या डॉक्टरी तपासणीचा दिवसही तोच होता.

त्याच्या आदल्याच आठवड्यात केवलराम आला. वडशाजवळच्या गावातली एक लहान मंडळी तो चालवत असे. चंपतचा निरोप फिरत फिरत त्याच्यापर्यंत पोचला होता. नॅरोगेजच्या छोट्या गाडीनं गोंदिया, तिथून पॅसेंजरनं दुर्ग, आणि दुर्गहून कोणाची तरी सायकल मागून तो कॅम्पमध्ये आला. धोतर गुडघ्यावर फाटलेलं, टाचांना भेगा. दोन वर्षांपूर्वी एका मंडईत त्यानं चंपतचं काम पाहिलं होतं आणि ते त्याच्या लक्षात राहिलं होतं. बाया आणायची त्याची ऐपत नव्हती, आणि ते तो लपवतही नव्हता.

खाटेवर बसून त्यानं शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून घेतलं. नटाला मंडळीत घ्यायचा व्यवहार चार लोकांपुढेच करायचा असतो. मग नाटक कोणतं, चंपतचं काम कोणतं, कोणकोणत्या गावी प्रयोग आहेत, जोडीला कोण आहे, सगळं सांगितलं. गेल्या साली माझ्याकडे होते त्यांना विचारून ये, तोवर हो म्हणू नको, असंही म्हणाला. शेवटी पिशवीतून हिरवं लुगडं, नारळ आणि विडा काढून चंपतच्या पुढ्यात ठेवला. स्त्रीपार्टीचं हंगामाचं लुगडं मंडळीनं द्यायचं, अशी तिकडची रीत. लुगडं उचललं की करार झाला.

चंपतनं उचललं नाही. त्याच्या डोक्यात मुंबई होती. शेजारचा एक जण हसून म्हणाला, "ज्याच्या मालाले गिऱ्हाईक नाई, थो घरोघर देत फिरते, बाप्पा." बाकीचेही हसले. चंपत केवलरामला म्हणाला, "काका, आमचं ठरलं हाये. एजंटसाहेब बंबईले नेऊन राहिले मले."

केवलरामनं विचारलं, "त्यानं तुले काय देल्लं?"

"देल्लं नाई. मायचे गोट नेले."

केवलरामनं नारळ उचलून पिशवीत परत टाकला. मग म्हणाला, "बापू, नाटकवाला देते. घेणारा नाटकवाला म्या अजून नाई पाह्यला." त्यानं लुगड्याची घडी पुन्हा नीट केली आणि पिशवीत ठेवली. पुढच्या आठवड्यातला वडशाचा बाजार होईपर्यंत विडा तुझ्या नावानं राखून ठेवतो, म्हणाला. बाजार उठला की मला दुसऱ्याला द्यावा लागेल, तालमी थांबत नाहीत.

ठरल्या दिवशी चंपत दुर्ग स्टेशनवर गेला. नवीन शर्ट, हातात लुगड्यांचं आणि रंगाच्या डब्यांचं गाठोडं. मुंबईकडची मेल आली आणि गेली. तो एकेक डबा पाहत फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावला. दुसरी गाडी आली, तीही गेली. स्टेशनवरच्या टपरीवाल्यानं सांगितलं की पांढऱ्या बुटांचा माणूस चार दिवसांपूर्वीच रायपूरकडे गेला. एवढं ऐकूनही चंपत आणखी एका गाडीची वाट पाहत बसून राहिला. हे त्यानं स्वतः पुढे रुक्माबाईला सांगितलं. उठलो असतो तं खरं झालं असतं, असं म्हणाला.

तिकडे कारखान्यात त्याच्या नावाचा पुकारा झाला आणि पुढचं नाव घेतलं गेलं. माझे यजमान फाटकापर्यंत पाहून आले.

वडशाचा बाजार दुसऱ्या दिवशी होता. हे त्याला फलाटावरच आठवलं. गोंदियाची पॅसेंजर मिळाली, पण छोटी गाडी सुटून गेली होती. दुसऱ्या दिवशीची धरून तो वडशाला उतरला तेव्हा बाजारकरी आपापली पालं गुंडाळून केव्हाच गेले होते. तिथून केवलरामचं गाव चालत. गाठोडं डोक्यावर घेऊन तो धावतच गेला.

मारुतीच्या देवळापुढे तालीम चालली होती. हिरवं लुगडं चिंधू नावाच्या एका तरुणानं नेसलं होतं. त्याला निऱ्या धरता येत नव्हत्या, चालताना पाय अडकत होते. सांगितलेलं वाक्य तो पुरुषी आवाजात म्हणत होता. चंपत गाठोडं खाली ठेवून केवलरामच्या पाया पडला आणि म्हणाला, "काका, विडा द्या. मी चुकलो."

केवलरामचा चेहरा उतरला. चिंधूपेक्षा चंपत किती सरस आहे, हे त्याच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं. तो म्हणाला, "बाजार उठला, मंग म्या त्याले देल्ला. चौघांपुढं देल्लेला विडा वापस घेतला तं उद्या माह्या शब्दावर कोन येईन? तू तरी येशीन का?"

ज्या गोष्टीमुळे हा माणूस खरा होता, तीच आता आड आली होती. चंपत तिथेच ओट्यावर बसला. थोड्या वेळानं चिंधू पुन्हा अडखळला. मग चंपत उठला, त्याच्यापुढे गुडघे टेकून बसला आणि त्याच्या निऱ्या नीट करून दिल्या.

तो हंगाम त्यानं केवलरामकडेच काढला. चिंधूला नेसवायचं, रंगवायचं, चालायला शिकवायचं. पडद्यामागे उभं राहून तो ओठातल्या ओठात सगळी वाक्यं म्हणायचा. होळीनंतर भिलाईला परत आला तेव्हा त्याचे केस कापलेले होते. रुक्माबाई त्या दिवशी कामावर आली नाही. नंतर आली तेव्हा एवढंच म्हणाली, "त्यानं माह्यासमोर नाई कापले, तेवढं बरं केलं."

कायमची जागा गेली ती गेलीच. यजमानांनी खटपट केली, काही झालं नाही. आयुष्यभर तो ठेकेदारांकडेच राहिला. पहिल्या वर्षी गणपतीत लोक नाटकासाठी बोलवायला आले तेव्हा त्यानं झोपडीचं दार लावून घेतलं, नंतर कोणी बोलावलं नाही. तोही पहाटे नळावर उभा राहीनासा झाला.

काही वर्षांनी कॅम्पमधल्या नलू नावाच्या मुलीला नाटकात जायचं होतं. एक माणूस तिला नागपूरला न्यायला आला. तिच्या बापानं चंपतला बोलावून नेलं. चंपत त्या माणसासमोर बसला आणि म्हणाला, "पोरीच्या हाती आधी काही ठेवा, मंग बोला." तो माणूस हसला, कागदपत्रांचं आणि खर्चाचं काहीतरी बोलला. चंपत पुन्हा तेच म्हणाला. माणूस उठून गेला तो परत आला नाही. नलू रडली. तू माझी गाडी चुकवलीस, असं तिनं चंपतला तोंडावर सांगितलं आणि बरेच दिवस त्याच्याशी बोलली नाही. त्यानं ते ऐकून घेतलं.

पुढच्या दिवाळीनंतर गोंदियाकडची एक मंडळी आली. नाटकाचं, गावांचं, सोबतच्या बायांचं सगळं त्यांनी चार लोकांत सांगितलं आणि नलूच्या पुढ्यात लुगडं ठेवलं. रुक्माबाई तिथे होती. ती सांगत होती की नलूनं आधी चंपतकडे पाहिलं. चंपतनं वाकून लुगड्याचा काठ दोन बोटांत धरला, सोडला, आणि होकारार्थी मान हलवली. चहा यायच्या आतच तो पाळीला उशीर होतोय म्हणून उठला. त्या दिवशी त्याची पाळी नव्हती.