तिसरा वेढा

गटिंगच्या मशीनखाली तारेचे तुकडे किती साठतात, ते झाडू मारणाऱ्यालाच कळतं. रोज झाडा, तरी कपाटाखालून, चटईतून, एकदा तर माझ्या चपलेतून एखादा निघालाच. आमच्या टेनिसच्या ग्रुपचे किस्से असेच आहेत. एक उचलायला वाकावं तर बाजूला दुसरा दिसतो.

आधी थोडं सांगायला हवं. रॅकेटच्या तारा तुटल्या की नव्या भरतात, त्याला गटिंग म्हणतात. माझी बायको वंदना बदलापूरच्या एका शाळेत पीटीची टीचर होती, आणि कुळगावच्या आमच्या हॉलमध्ये, जिथे लोकांचा टीव्ही असतो तिथे, तिचं गटिंगचं मशीन होतं. अंबरनाथच्या एका कॉलनीतल्या कोर्टावर सकाळी सहाला खेळणारी मंडळी तिच्याकडेच रॅकेट आणायची. मी खेळत नाही. मी ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवतो. ग्रुपमध्ये माझं काम चहा करायचं.

रॅकेटमध्ये उभ्या तारा असतात, आडव्या तारा असतात, आणि त्या सगळ्यांना धरून ठेवणाऱ्या गाठी फक्त चार. तार ताणायचं काम मशीन करतं. गाठ हातानंच मारावी लागते. शेवटची तार ताणून क्लॅम्पमध्ये पकडायची, उरलेलं टोक शेजारच्या तारेभोवती दोनदा वळवायचं, प्रत्येक वेढा पकडीनं ओढून बसवायचा आणि क्लॅम्प सोडायचा. त्यानंतर सगळा ताण त्या गाठीवर.

वंदनाचा नियम होता, दोन वेढे. "तिसऱ्यानं गाठ नुसती जाड होते," ती म्हणायची. "तिसरा वेढा म्हणजे स्वतःच्या हातावर अविश्वास!"

*

ग्रुपमध्ये एक डॉक्टर आहेत, माने. सर्जन. एकदा रॅकेट घ्यायला आले तेव्हा वंदना शेवटच्या गाठीपर्यंत पोचली होती.

"मॅडम, ही मला मारू द्या," डॉक्टर म्हणाले. "आयुष्यभर दुसरं काय केलं? पोटं शिवली!"

वंदना बाजूला झाली. डॉक्टरांनी बाह्या वर केल्या, एका हातानं, न बघता, झर्रकन गाठ मारली. बघत राहावं अशी सफाई! मग त्यांनीच ऐटीत क्लॅम्प सोडला.

टण्ण!

गाठ सुटली, तार ढिली पडली. डॉक्टर गाठीकडे बघतायत, मी डॉक्टरांकडे.

वंदनानं तार पुन्हा ताणायला घेतली आणि अगदी काळजीनं विचारलं, "डॉक्टर, पेशंट बरे आहेत ना सगळे?"

*

लछूभाई म्हणजे ग्रुपचे सीनियर. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये त्यांचा जीन्स शिवायचा कारखाना आहे. प्रत्येक गटिंगच्या वेळी त्यांची एकच मागणी.

"भाभी, मेरे को एक वेढा एक्स्ट्रा मारो ना. मेरा शॉट बहुत भारी है."

"लछूभाई, तुमचा शॉट नेटमध्ये जातो. दोन पुरे."

हे बारा वर्षं चाललं! एकदा ते पुरावा घेऊन आले. जीन्सच्या खिशाच्या कोपऱ्याला जाड टाके घालतात, त्याला ते लोक बारटॅक म्हणतात. त्यांनी एक नवी कोरी जीन्स टेबलावर पसरली. "देखो साईं, ये मजबूती! एक टाका जादा, तो जिंदगीभर का काम. खींचो भाभी, पूरा जोर लगाके खींचो!"

वंदना पीटीची टीचर. तिनं पाय रोवला आणि खेचला. खिसा तिच्या हातात आला!

लछूभाईंनी जीन्स उचलली, उलटी केली, लेबल बघितलं. "ये वाला अपना माल नहीं है," असं म्हणून शांतपणे घडी घातली आणि दोन वेढ्यांची रॅकेट घेऊन गेले.

*

वंदनाच्या आजाराचे किस्से सांगण्यासारखे नाहीत. एक आहे, तो सांगतो.

औषधांनी तिच्या बोटांची टोकं बधिर झाली होती. ब्लाउजचे हुक मी लावायचो. कप गरम आहे की गार, ते ती मला विचारायची. तशात लछूभाईंची तार तुटली. मी म्हटलं, ठाण्याला पाठवू, तिथे दुकानं आहेत. ती म्हणाली, "ठाण्याला? माझ्या जिवंतपणी?"

एका तासाचं काम तिनं दोन दिवस केलं. मला मदत करू देईना. मधेच म्हणाली, "अहो, जरा दूध आणा." आणलं. संध्याकाळी पुन्हा, "दूध आणता का?" दुसऱ्या दिवशी सकाळी दूध. दुपारी उन्हात दूध!

चौथ्यांदा परत आलो तर फ्रिजमध्ये पिशव्यांना जागा नाही. मी म्हटलं, "खीर करायची आहे का?"

"नाही हो," ती म्हणाली. "लछूभाईंची रॅकेट झाली. चारही गाठी बसल्या."

ती तिनं भरलेली शेवटची रॅकेट.

*

वंदना गेल्यावर तीन महिने मशीनवर चादर होती. मग एका रविवारी मी चादर काढली. नातेवाईक म्हणाले, करमत नाही म्हणून करतोय, करू दे. करमत नव्हतं हे खरं, पण मला ते काम यायला हवं होतं. बारा वर्षं मी चहाचा कप हातात घेऊन ते बघत होतो आणि मला एक गाठ येत नव्हती, याची लाज वाटत होती.

पहिली रॅकेट कांबळे मॅडमनी दिली. त्या अंबरनाथला बँकेत असतात, ग्रुपमध्ये वंदनाच्या पार्टनर. मी गाठीला वेढे घातले चार! न जाणो, म्हणून. वेढे चार घातले, पण ओढून एकही नीट बसवला नाही.

मॅडम रॅकेट घेऊन शेअर रिक्षात बसल्या. रिक्षा अंबरनाथच्या अलीकडे असेल, तेवढ्यात आवाज. टण्ण!

रिक्षावाल्यानं करकचून ब्रेक मारला. "टायर गेला!" खाली उतरला, पुढचं चाक बघितलं, मागची दोन्ही लाथ मारून बघितली. सगळे पॅसेंजर उतरून बघायला लागले. इतक्यात आतून पुन्हा, टण्ण!

रिक्षावाला कांबळे मॅडमसमोर येऊन उभा राहिला. "मॅडम, टायर ठीक आहेत. आता तुमच्या पिशवीत काय आहे ते बघू या का?"

*

पुढची माझी चूक अशी की ती फक्त शहाणा माणूसच करू शकतो.

गाठ बसली की तिची उरलेली शेपटी कापायची असते. तिथेच बाकीच्या तारा असतात. कात्री जरा चुकली की ताणलेली तार तुटते आणि सगळं काम पहिल्यापासून. म्हणून वंदनानं मशीनवर स्वतःच्या हस्ताक्षरात चिठ्ठी चिकटवली होती : 'जिच्यावर बोट, ती कापायची नाही.'

सरावासाठी मी तिचीच एक जुनी रॅकेट घेतली होती. दीड तास खपून मी उभ्या-आडव्या भरल्या. गाठी मारल्या, दोनच वेढे, नीट ओढून. क्लॅम्प सोडला. धरल्या! चिठ्ठी वाचली. मोठ्यानं वाचली. बोट ठेवलं, कापलं.

बोट शेपटीवर होतं. कापली गेली ती ताणलेली तार.

त्या संध्याकाळी मी जेवलो, भांडी घासली आणि मशीनसमोर बसून दुसरी तार उलगडली. चिठ्ठी बरोबरच होती. मी मराठीचा मास्तर असून मला चिठ्ठीतलं समजत नाही म्हणजे काय!

*

मग मी जिथे जाईन तिथे गाठी मारायला लागलो. खिडकीच्या गजाला, पडद्याच्या दोरीला, स्टाफरूमच्या पंख्याच्या रेग्युलेटरला. चहा येईपर्यंत दोन, चहा संपेपर्यंत चार.

परीक्षा झाली, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या कॉलेजातल्या सहकाऱ्याचा फोन आला. माझे तपासलेले पेपर त्यांच्याकडे पुन्हा बघायला जातात.

"सर, गठ्ठा सुटत नाहीये."

"ओढा जरा."

"ओढला. शिपायानं पायानं धरला, मी ओढला. शेवटी सुरी आणली, तर तिची मूठ निघाली. सर, एक विचारू? हे पेपर तपासायला पाठवलेत की विसर्जनाला?"

मला त्या आठवड्यात कुणी इतकं चांगलं बोललं नव्हतं.

*

पण ग्रुपची रॅकेट काही येईना. मला वाटलं, तारा तुटत नसतील. एका सकाळी थर्मास घेऊन कोर्टावर गेलो, तर मला बघून माने डॉक्टरांनी रॅकेट पाठीमागे लपवली. एवढा मोठा सर्जन, पण चोरी लपवायची सवय नाही! डोक्यामागून अर्धी रॅकेट वर आलेली, आणि तिच्यावर ठाण्याच्या दुकानाचं स्टिकर.

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून बोललो नाही," कांबळे मॅडम म्हणाल्या. "भाऊ, सोनिवलीचे एक जण मशीन घ्यायला तयार आहेत. त्यांच्याकडे मुलं खेळतात. तिथे ते चालेल तरी. तुम्ही किती दिवस स्वतःला त्रास देणार?"

मी सगळ्यांना चहा दिला. मग म्हटलं, "एक महिना द्या. प्रत्येकानं एक एक रॅकेट माझ्याकडे द्या. महिन्यात एक जरी गाठ सुटली, तरी मशीन मी स्वतः टेम्पोत चढवून सोनिवलीला पोचवतो. मग परत विषय काढणार नाही."

डॉक्टरांनी पाठीमागची रॅकेट पुढे केली. "स्टिकर काढून भरा," ते म्हणाले.

कांबळे मॅडमनी दुसऱ्या दिवशी दिली. त्या मात्र घरी नेताना रिक्षावाल्याला आधीच सांगायच्या, "आवाज आला तर थांबू नका!"

आवाज आला नाही. डॉक्टर रोज सकाळी खेळ झाल्यावर मला मेसेज करायचे. पहिला आठवडा : 'पेशंट स्थिर.' दुसरा आठवडा : 'टाके कोरडे.' तिसरा : 'पेशंट जेवतोय.'

फक्त लछूभाईंची रॅकेट आली नव्हती.

*

महिन्याच्या शेवटच्या दिवशी ते आले. खांद्याला कव्हर. कव्हरमधून त्यांनी रॅकेट काढली आणि माझ्या हातात न देता स्वतःच्या मांडीवर ठेवली. मधली एक तार तुटलेली होती.

"कधी तुटली?"

"बीस दिन हुए."

तार तुटली की बाकीच्या लगेच कापून टाकायच्या असतात, नाहीतर फ्रेम वाकडी होते. हे लछूभाईंना पक्कं माहीत होतं. वंदनानं त्यांना त्यावरून किती वेळा झापलं होतं.

"मग बाकीच्या कापल्या नाहीत?"

"सर, कैसे काटूं?" ते म्हणाले. "ये भाभी के हाथ का है."

मी चहा ठेवला. आम्ही दोघांनी तो प्यायला. मग त्यांनीच रॅकेट मशीनवर ठेवली आणि तोंड खिडकीकडे केलं. मी मधून बाहेर एकेक तार कापत गेलो. गाठी निघता निघेनात. पकड लावली, दाभण घातलं, तरी हलेनात. शेवटी तारेसकट कापून काढल्या आणि पेपरवर ठेवल्या. चार गाठी.

लछूभाई वळले. चष्मा लावला. एक गाठ बोटात धरून उजेडाकडे नेली.

"सर. ये गिनो तो."

मी मोजले. दुसरी घेतली, मोजले. तिसरी, चौथी.

प्रत्येक गाठीला तीन वेढे होते.

लछूभाईंचा चेहरा असा फुलला, की काय सांगू! खुर्चीवरून उठलेच ते. "देखा! देखा सर! बारा साल ना बोली, आखिर में मान गई! बोला था ना, मेरा शॉट भारी है! भाभी मान गई थी!"

मी चारही गाठी पेपरच्या एका कोपऱ्यात सरकवल्या. हात जरा पुसले.

"हो लछूभाई," मी म्हटलं. "शॉट भारीच आहे तुमचा."

मी नवी तार घेतली, उभ्या भरल्या, आडव्या विणल्या. लछूभाई शेजारी खुर्ची ओढून बसले होते. शेवटची तार ताणली, क्लॅम्प लावला, टोक हातात घेतलं.

"अब तुम कितने मारोगे, सर?" त्यांनी हळूच विचारलं.

"दोन," मी म्हटलं, आणि पहिला वेढा ओढला.