चालक झोपलेला

सीमेवरच्या ट्रकतळावर तिला सगळे टकटकबाई म्हणतात. रांगेतल्या प्रत्येक ट्रकचं दार ती आधी ठोठावते, आतून शिवी का होईना पण आवाज आला की मगच घड्याळ बघते. "बाई, झोपेचं पार खोबरं करता तुम्ही," ड्रायव्हर कुरकुरतात. ती पुढच्या ट्रककडे वळते.

तिचं काम तसं साधं. माल सीमेवर आल्यापासून कस्टममधून सुटून पलीकडे जाईपर्यंत किती वेळ लागतो, ते मोजायचं. वरच्या कुणाला तरी ते आकडे हवे असतात. निवडक ट्रकांच्या काचेवर पिवळी पट्टी लावायची, दर अर्ध्या तासाने फेरी मारायची आणि ट्रक जागचा हलला नसेल तर कारण लिहायचं: कागद अपुरे, साहेब जेवायला, चालक झोपलेला. नियम एकच. मोजणाऱ्याने मध्ये पडायचं नाही.

नवी असताना तिने तो मोडला होता. चुकीच्या खिडकीवर ताटकळलेल्या एका बापड्याला तिने बरोबर खिडकी दाखवली आणि तो झटक्यात सुटला. मोजणीच्या साहेबांनी तिला फैलावर घेतलं. "तुम्ही मदत केलीत की आमचा आकडा खोटा पडतो. पुन्हा असं झालं तर घरी बसा."

घर म्हणजे कामाबरोबर मिळालेली एक खोली. नोकरी गेली की खोलीही जाणार आणि मुलीला घेऊन पुन्हा भावाच्या दारात, वहिनीची मर्जी सांभाळत. तेव्हापासून तिने तोंडाला कुलूप घातलं; कुणाचं दार ठोठावणं तर दूरच.

मग एका सकाळी गव्हाचा ट्रक आला. ताडपत्री गच्च आवळलेली, काचा वर. दहाच्या फेरीला ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकून होता. तिने लिहिलं, चालक झोपलेला. साडेदहाला तसाच. तिने तेच लिहिलं. अकराला त्याचा हात खाली लोंबत होता आणि मागचे ट्रक हॉर्न वाजवून वाजवून, त्याच्या नावाने बोटं मोडत, वळसा घालून पुढे निघाले होते. एवढ्या गोंगाटात कुणाला झोप लागते, असं तिच्या मनात आलं. तिने दाराकडे हात नेला. तेवढ्यात ऑफिसच्या खिडकीत साहेब दिसले. हात मागे आला. चालक झोपलेला, तिने लिहिलं.

पुढच्या ट्रककडे वळली तोच वाऱ्याबरोबर वास आला, सडक्या लसणासारखा. तो तिला लहानपणापासून ठाऊक होता. धान्याला कीड लागू नये म्हणून ज्या विषारी गोळ्या ठेवतात, त्यांचा. आई त्या गोळ्या ठेवायची तेव्हा मुलांना त्या खोलीत पाऊल टाकू द्यायची नाही. ताडपत्रीखाली त्याच गोळ्या असणार, आणि त्यांचा वायू मागून केबिनमध्ये उतरत असणार.

ती धावली. दार बडवलं, काच बडवली. "दादा, ओ दादा, उठा. ऐकताय ना, उठा." आत काही हललं नाही. दार उघडलं तसा वास अंगावर आला. तिने बाहीने नाक दाबलं आणि हमालांना हाका मारल्या. त्याला खाली उतरवलं तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. खिशातला फोन वाजत होता. पडद्यावर 'आई' असं आलं होतं. उचलायला कुणी धजेना.

साहेब धावत आले. तेही घाबरले होते, पण तोंडातून सवयीनेच निघालं, "या ट्रकची पट्टी काढा. हा आता मोजणीत धरायचा नाही."

तळावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याचे डोळे उघडून पाहिले. "कधीपासून असा पडलाय? कुणी पाहिलं होतं का?"

जमलेले लोक एकमेकांकडे बघू लागले. अख्ख्या तळावर ते एकाच माणसाला मिनिटासकट ठाऊक होतं. शेजारी साहेब उभे होते.

"दहापासून," ती म्हणाली. "दहाला पाहिला, साडेदहाला पाहिला, अकराला पाहिला."

"आणि उठवलं नाहीत?"

"नाही. झोपलाय असं लिहिलं."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि गाडी मागवून त्याला मोठ्या इस्पितळात हलवलं. तो वाचल्याचं तळावर कळायला बरेच दिवस गेले. साहेबांनी तिला हाकललं नाही आणि ती विचारायलाही गेली नाही. त्या दिवसांत तिच्या तोंडात घास फिरायचा, आणि दारात कुणी उभं राहिलं की त्याची आईच आली असं वाटून ती दचकायची.

अजूनही मुलगी दुपारची जरा डोळा लागून पडली, की ती शेजारी बसून तिच्या नाकाखाली बोट धरते. तेवढ्याने भागत नाही. मग खांदा हलवते.

"आई, झोपू दे ना गं," पोरगी वैतागून म्हणते. ते ऐकलं की तिचा जीव भांड्यात पडतो.