उजवी पाकळी

अकोल्याला मोर्णेच्या काठावर जयवंता माळणीचा लहानसा मळा होता. वांगी, मेथी, कोथिंबीर आणि बांधाच्या कडेनं कण्हेर न् झेंडू. नवरा पुंजाराम तापानं गेला तेव्हा भगवंता चार वर्षांचा होता. तेव्हापासून तिनं एकटीनं मोट हाकली, बाजारात भाजी विकली, देवीच्या देवळात रोजचा हार पोचवला आणि कुणापुढे पदर पसरला नाही. बाई तोंडानं फटकळ. भाजी चिवडून, काहीच न घेता पुढे जाणाऱ्या गिऱ्हाइकाला ती असं काही ऐकवायची की तो पुढच्या बाजारी वाट बदलून जायचा. पोराचा विषय निघाला की मात्र तिची जीभ मऊ पडायची.

ते कापसाचे दिवस होते. तिकडे अमेरिकेत लढाई पेटली आणि इकडे वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला. काल मिरची-भाकर खाणाऱ्यांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या. शेजारचा खुशालराव तर गाडीच्या चाकांनाही चांदी मढवायला निघाला होता. बायकोनं वेळीच झापलं म्हणून लाकडाची चाकं लाकडाचीच राहिली. आणि ज्याला त्याला आपलं पोरगं शिकवून साहेबाच्या कचेरीत बसवायची घाई झाली होती.

भगवंता केशवराव मास्तरांकडे शिकायचा. मास्तरांची शाळा म्हणजे त्यांच्या घराची ओसरी आणि चौदा पोरं. पण तिथे हिशेब करता करता गोष्ट ताऱ्यांवर जायची, कवितेवरून झाडाच्या मुळांवर यायची. कुणाचं कुठे अडलंय ते मास्तरांना पोराच्या चेहऱ्यावरून कळायचं. माळ्याचं पोर म्हणून त्यांनी भगवंताला कधी ओसरीच्या खाली बसवलं नाही. अमरावतीला मात्र मोठी शाळा निघाली होती. दोनशे पोरं, वर्गावर्गाला वेगळे मास्तर, इंग्रजी पुस्तकं आणि तिथून पुढे मुंबईच्या परीक्षेचा रस्ता.

"माझ्याकडे राहिलास तर विचार करायला शिकशील," केशवराव त्याला म्हणाले. "तिथे गेलास तर पुढचा रस्ता मिळेल. दोन्ही मला देता येत नाही. तू ठरव."

पंधरा वर्षांच्या पोरानं काय ठरवावं? मास्तरांवर त्याचा जीव होता. पण अमरावतीकडे गाड्या कोणत्या वारी निघतात हे त्यानं आईला तीनदा सांगितलं होतं, आणि आई काही बहिरी नव्हती.

"कौल लावू, माय," तो शेवटी म्हणाला. "देवी म्हणन तसं."

मळ्याजवळच्या देवळात काळ्या पाषाणाची देवी होती. तिच्या दोन्ही खांद्यांवर कण्हेरीची एकेक पाकळी पाण्यानं चिकटवायची आणि हात जोडून बसायचं. उजवी आधी पडली तर जा, डावी पडली तर राहा. पाकळ्या लावायचा मान जयवंताचा, कारण फुलं तिच्या मळ्यातली.

देवळात जाताना जयवंतानं वाटेवरची रुईची फांदी मोडली. का मोडली, हे तिला त्या क्षणी विचारलं असतं तर तिनं खोटं सांगितलं नसतं. पोरगं गेलं तर घरात आपण आणि चूल दोघीच उरू, एवढंच तिच्या डोक्यात घण घालत होतं. रुईचा पांढरा चीक तिच्या बोटाला लागला. तो सुकायच्या आत तिनं उजवी पाकळी चिकटवली. डावीला नुसतं पाणी लावलं.

डावी पाकळी पडली. भगवंतानं ती उचलून कपाळाला लावली आणि टोपीत ठेवली. त्या दिवशी जयवंतानं पुरणपोळी केली, आणि तो दोनच घास खाऊन उठला.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात केशवराव अंथरुणाला खिळले. त्यांनी भगवंताला बोलावून घेतलं, जयवंताही सोबत गेली. मास्तरांना धड बोलवत नव्हतं.

"शाळा माझ्याबरोबर जाईल रे. तू अमरावतीला जा. मी चिठ्ठी देतो, घेतील तुला."

"नाई मास्तर," भगवंता म्हणाला. "देवीनं मले नाई म्हणलं हाये."

मास्तरांनी जयवंताकडे पाहिलं. तिनं पदर तोंडाशी धरला. बोलायची वेळ तीच होती आणि ती बोलली नाही. पोरगं आपल्याच तोंडानं राहतो म्हणत होतं. तिच्यातल्या आईला तेवढं पुरेसं होतं. आठ दिवसांनी मास्तर गेले. ओसरीवर त्यांच्या भावानं कडब्याच्या पेंढ्या रचल्या.

भगवंता कापसाच्या गाठी दाबायच्या कारखान्यात लागला. गाठींवर शाईनं आकडे घालायचे, एवढंच काम. मग अमेरिकेतली लढाई संपली. कापसाचा भाव कोसळला, माणसं कमी झाली आणि आकडे घालणाऱ्याला गाठीही ढकलाव्या लागल्या. एका सकाळी दाबाच्या फळीखाली त्याचा उजवा हात गेला. तीन बोटं गेली. राहिली ती करंगळी न् अंगठा. त्याला घरी आणलं तेव्हा जयवंता रडली नाही. ती जात्याजवळ जाऊन भिंतीवर डोकं आपटत राहिली, आणि शेजारणींना वाटलं, आईच ती, असं व्हायचंच.

पुढे भगवंता देवळातच बसू लागला. झाडलोट करी, गुरवाला पाणी आणून देई. कौल लावायला कुणी आलं की स्वतःची गोष्ट सांगे. "माह्यं मन तिकडं होतं, देवीनं इकडं ठेवलं. काहून ठेवलं, ते तिले ठाऊक. बोटं गेली, जीव राहिला ना." हे सांगताना त्याचा चेहरा शांत असायचा. जयवंता रोज हार घेऊन यायची, हे ऐकायची आणि न थांबता परत फिरायची. त्याची ती शांती आपल्या पापावर उभी आहे हे तिला कळत होतं. ती काढून घ्यायची हिंमत तिच्यात नव्हती.

एक दिवस खुशालराव आपल्या पोराला घेऊन देवळात आला. त्याच्या बैलांच्या शेंब्या केव्हाच सोनाराकडे परत गेल्या होत्या.

"नव्या शाळेचे मास्तर म्हणते, पोरगं हुशार हाये, अमरावतीले धाडा. भाऊ म्हणते, कारखान्यात लावा. कौल घेऊन टाकू."

"मायच्याच हातानं लावा," हार घेऊन आलेल्या जयवंताकडे बोट करून भगवंता म्हणाला. "तिच्या हाताले देवी आयकते."

जयवंतानं पदराला हात कोरडे पुसले. दोन्ही पाकळ्यांना सारखंच पाणी लावलं, सारखाच अंगठा दाबला. मनात म्हणाली, या बारीला तूच सांग, आई, मी मधे येत नाही. आणि ती खरंच आली नाही.

डावी पाकळी पडली.

"मंग कारखानाच," खुशालराव म्हणाला. पोरगं देवळाच्या दारातून अमरावतीच्या रस्त्याकडे पाहत होतं. असं पाहणाऱ्या पोराला जयवंतानं एकदा घरी आणून पुरणपोळी खाऊ घातली होती.

"खुशालभाऊ, पोराले अमरावतीले न्या," ती म्हणाली. "पाकळीचं सोडा."

"माय, देवीनं सांगितलं ना आता," भगवंता म्हणाला. "मले सांगितलं होतं तसंच."

"तुले देवीनं नव्हतं सांगितलं. म्या उजव्या पाकळीले रुईचा चीक लावला होता."

गुरवाच्या हातातली पळी तशीच राहिली. खुशालरावानं पोराचा हात धरला आणि तो पायऱ्या उतरून गेला. भगवंता आईकडे वळला. मग त्यानं एकच विचारलं.

"मास्तर जा म्हणत होते, तवाबी तुले ठाऊक होतं?"

"व्हय," जयवंता म्हणाली.

त्यानं देवळाची केरसुणी भिंतीला टेकवली आणि तो पायऱ्या उतरला. पुढच्या सोमवारी खुशालरावाची गाडी पोराला घेऊन अमरावतीकडे गेली. भगवंता त्यानंतर देवळात गेला नाही.

एका सकाळी जयवंता विहिरीवर गेली तेव्हा तो, मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याजवळच्या उभ्या काळ्या दगडासमोर बसला होता. शेजारी रुईची मोडलेली फांदी पडली होती. डाव्या हातानं त्यानं दगडावर दोन पाकळ्या, एक पाण्यानं न् एक चिकानं, चिकटवल्या होत्या आणि तो टक लावून पाहत होता. पाण्याची पाकळी केव्हाच खाली पडली होती. दुपारी ती भाकर घेऊन गेली तेव्हाही तो तिथंच होता आणि दुसरी पाकळी दगडाला चिकटूनच होती.