टोपीखालचं ऑफिस

"नाही, हे चालणार नाही. मुळापासून नवीन करा," असं मी शिरपूरला मेहुण्याच्या घरी, भर बैठकीत, खणखणीत आवाजात बोललो. बोललो ते जळगावच्या साहेबांशी, पुलाच्या नकाशाबद्दल. पण समोर भाचीला बघायला आलेली साक्रीची मंडळी बसली होती, आणि नेमकं तेव्हाच मुलाच्या आबांनी मला विचारलं होतं, "जावईबापू, तुमनं काय म्हननं शे?"

माझ्या कानांत बिनतारी इअरफोन होते, हे कुणाला दिसणार? जावई म्हणून डोक्यावर चढवलेली मानाची टोपी मोठी झाल्यामुळे थेट कानांवर उतरली होती. पूर्वी रजा घेतली की टेबलावरचा फोन तिकडे जळगावला एकटाच वाजायचा. आता ऑफिस कुठे संपतं आणि सासुरवाडी कुठे सुरू होते, हेच मला कळेनासं झालंय.

साक्रीची मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. भाची चहाचे कप घेऊन तशीच आत वळली. मी घाईघाईने टोपी काढली, एका कानातला इअरफोन काढून दाखवला. "आबा, मी पूल नापसंत केला, मुलगा नाही!"

दुसऱ्या कानात साहेब म्हणाले, "कोणता मुलगा?"

मी दोघांनाही "सॉरी" म्हणालो. आबा मात्र पोट धरून हसले. "पूल पाडी टाका, पन लगीन ऱ्हाऊ द्या!"

परतताना धुळं आलं. बायको म्हणाली, "तुमच्या साहेबांनाही लग्नाची पत्रिका देऊ. नाहीतरी ते येणारच आहेत, तुमच्या कानात बसून."