अडचण: थोडी

“वन्स मोअर,” साहेब म्हणाले आणि स्वतःच हसले.

नाटक नव्हतं. भोपाळच्या आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमधला दवाखाना होता आणि मी बनियन-चड्डीवर उभा होतो. दोन्ही खुबे झिजलेले. तिसऱ्या मजल्याचं क्वार्टर बदलून तळमजल्याचं मिळावं, असा अर्ज केला होता. चालायला अडचण किती, ते समिती ठरवणार. काहीच नाही, थोडी, खूप, की चालताच येत नाही. ‘खूप’ निघाली तर तळमजला. ‘थोडी’ निघाली तर रिटायर होईपर्यंत जिना.

समितीत एक डॉक्टरीणबाई आणि आमच्या खात्याचे साहेब. साहेब मराठी, गणपतीच्या नाटकाला पहिल्या रांगेत. मागच्या गणपतीत मी लंगड्या सासऱ्याचं काम केलं होतं. काय हशा! लंगडणं माझं घरचंच होतं, हे कुणाला ठाऊक नव्हतं. मीही खूश. दुखणं आपलं, टाळ्याही आपल्या.

“मॅडम, ये तो कलाकार हैं,” साहेबांनी बाईंना सांगितलं. “स्टेज पर भी बिलकुल ऐसे ही चले थे.”

बाईही हसल्या. मी पुन्हा चाललो. दारापासून खिडकीपर्यंत. फरशी सपाट, गुळगुळीत. त्यात माझी खोड अशी, की कुणी बघतंय म्हटलं की पाठ आपोआप ताठ होते. खुब्यात सुरी फिरत होती आणि मी ऐटीत. बनियन घामाने चिकटलं. साहेब म्हणाले, “थोडं जास्त लंगडा. मागच्या रांगेला दिसायला हवं.”

मी खिडकीचा गज धरला.

“आता नाही चालणार, साहेब. मोजायचं असेल तर माझ्या जिन्यावर या.”

“अहो, गंमत केली.”

कागदावर ‘थोडी’ लिहिलं गेलं.

माझा जिना मी बसून चढतो. पायऱ्यांकडे पाठ, हातांवर भार, ढुंगणाने एकेक पायरी. लाज वाटायची. पाळी सुटली की सायकल स्टँडच्या मागे बसून राहायचो, सगळे आपापल्या घरात शिरेपर्यंत.

त्या दिवशी थांबलो नाही. ऐन गर्दीत पहिल्या पायरीवर बसलो आणि सुरुवात केली. मागे माणसं खोळंबली. कुणीतरी खुदकन हसलं, नवी नक्कल समजून. मग ते हसू विझलं. खालच्या मजल्यावरचे शेजारी वाकले. “भाईसाब, उठा दें?”

“नहीं. देखिए.”

बायको धावत खाली आली. “अहो, लोक बघतायत.”

“बघू देत.”

अर्ज पुन्हा दिलाय. तळमजला मिळेल असं वाटत नाही. पण त्या गुळगुळीत फरशीवर मी पुन्हा चालणार नाही. रोज पाळी सुटली की भर गर्दीत असाच चढणार. ज्याला माझी अडचण मोजायचीय, त्याने माझ्या खालच्या पायरीवर उभं राहायचं. आणि मी वर पोचेपर्यंत तिथेच थांबायचं.