भिवापूरची बस

खेळवाल्या बाई मुलांना प्रश्न विचारत नसत. नाव काय, शाळा कोणती, काहीच नाही. नागपूरच्या प्रताप नगरातल्या त्यांच्या खोलीत वाळूचा ट्रे होता, बाहुल्या, मोटारी, भातुकली. मूल आत आलं की त्या ओढणी खोचून सतरंजीवर बसत आणि ते सांगेल ते होत. एकदा न राहवून मी विचारलं, "मॅडम, उपचार कधी सुरू होतील?"

"तेच चालू आहे भाऊ," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा म्हशीसारख्या हंबरल्या.

माझी आई वारल्यापासून माझी सहा वर्षांची मुलगी गार्गी घराबाहेर बोलेनाशी झाली होती. आई गेल्याचं आम्ही तिला सांगितलंच नव्हतं. 'आजी भिवापूरला गेली' ही माझी कल्पना. आईचं माहेर तिथलं, त्यामुळे मला ती फार हुशारीची वाटली. बाईंनाही मी ऐटीत सांगितली.

"मग परत कधी येणार आजी?" बाईंनी विचारलं. मोठ्यांना त्या प्रश्न विचारत. मी घड्याळ पाहिलं.

गार्गीचा खेळ ठरलेला. लाल बसमध्ये म्हातारी बाहुली बसवायची, "भिवापूर, भिवापूर" ओरडायचं, बाहुली कपाटामागे उतरवायची आणि बस रिकामी आणायची. बाई एवढंच म्हणत, "बस रिकामी आली." पोरगी परक्या खोलीत बोलत होती. मी कोपऱ्यात बसून पाहत असे. बाईंची अट एकच होती: इथला खेळ बाहेर न्यायचा नाही.

पण किस्सा माझ्या पोटात राहत नाही. नंदनवनला चुलतभावाच्या मुलाच्या बारशात मी ती बस काढली. कंडक्टरची घंटी वाजवली, रिकामी बस आणतानाचं गार्गीचं तोंड करून दाखवलं.

"अजून एकदा कर ना गा," काका म्हणाले. मी केलं. हसणं ओसरल्यावर दिसलं, गार्गी दारात उभी होती, हातात घुगऱ्यांची वाटी.

पुढच्या वेळी ती खेळण्यांकडे पाठ करून बसली. बाईही तशाच बसल्या, तासभर. बाहेर आल्यावर मी सगळं सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुम्हाले गोष्ट सांगता येते, भाऊ. तिले येत नव्हती, म्हणून ती खेळून राहिली होती," त्या म्हणाल्या. "आता तिले खरं सांगा. अन् हसवू नका."

त्या संध्याकाळी मी सांगितलं, "आजी भिवापूरला नाही गेली. ती वारली. मी खोटं बोललो."

गार्गी चपलेचा पट्टा सोडत होती. "मले माहीत होतं," ती म्हणाली. "तुम्हीच सांगून नव्हते राहिले."

बरेच आठवडे ती नुसती बसून आली. मग एकदा तिने बस उचलून बाईंच्या हातात दिली.

यंदा बाईंनी नागपूर सोडलं. निरोपाच्या दिवशी मी त्यांना हळूच सुचवलं, "सुट्टीवर चालल्या म्हणून सांगू का तिला?" हो, एवढं होऊनही.

बाई सरळ गार्गीसमोर जाऊन बसल्या. "मी पुण्याले चालली, गार्गी. इथं परत नाही येणार. मलेही वाईट वाटून राहिलं."

गार्गी मोठ्याने रडू लागली. सवयीने मी काहीतरी गमतीचं बोलायला तोंड उघडलं. बाईंनी शेजारची सतरंजी थोपटली. मी खाली बसलो आणि तोंड मिटलं.