आधी उडवा, मग भरवसा ठेवा

बॅकअपसाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं असं विचारलं, की केडगावचा आमचा कॉम्प्युटर दुरुस्तीवाला उलट विचारतो, "काय गेलं तर रडाल?"

मी आईच्या आवाजाच्या रेकॉर्डिंगचं फोल्डर दाखवलं. आई आता नाही. त्याने एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं, बॅकअप घेतला आणि माझ्यादेखत मूळ फोल्डर उडवलं.

"अहो, काय केलंत!"

"परत आलं तर सॉफ्टवेअर खरं. बसा, चहा घ्या."

तो बशीत फुंकर मारत निवांत चहा प्याला. माझा निवला. शेवटी स्पीकरमधून आई म्हणाली, "जेवलास का रे?"

मग त्याने शर्टाच्या खिशातून पेन ड्राइव्ह काढला. त्यातही तेच फोल्डर होतं.

"आधीच काढून ठेवलं हुतं. मला तरी कुठं भरवसा हुता, साहेब?"